पलीकडच्या काठावर कोणीच नाही

आमच्या जीपने पुलाच्या तोंडाशीच मान टाकली. बॉनेटमधून वाफ, मागे गाड्यांची रांग, आणि पुढे नाक्यावरचा जवान "बाजूला घ्या, बाजूला घ्या" करत ओरडतोय. ड्रायव्हरकाका रेडिएटरचा सात पिढ्यांसकट उद्धार करत होते. मी रस्त्यातच उभी राहिले आणि येईल त्या गाडीला हात करू लागले.

थांबला तो पाण्याचा टँकर.

"कुठे?" खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, डोळे मात्र हसरे.

"पलीकडे."

"पलीकडे कोणी जात नाही."

"तुम्ही चाललायत की!"

"मी कुठे कोणी आहे?" तो म्हणाला आणि शेजारच्या सीटवरचे पाने, नट-बोल्ट एका हाताने खाली लोटून त्याने रुमालाने सीट पुसली. "बसा. पण खड्ड्यात डोकं वर आपटलं तर माझ्यावर चिडायचं नाही."

पहिल्याच खड्ड्यात आपटलं. मी चिडले. तो हसला... आणि मला उगाचच वाटलं, हे हसणं जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत होतं.

माझं काम सांगायला हवं. लढाई थांबून वर्ष होत आलं होतं. थांबली म्हणजे तोफांचे आवाज थांबले होते, बाकी सगळं तसंच. आमच्या शहरात मदत करणाऱ्या संस्था एकामागून एक आल्या. कुणी पाण्याच्या, कुणी औषधांच्या, कुणी शाळांच्या. कोणती संस्था कुठे काय करते, हे एका नकाशावर दाखवायचं, ही माझी नोकरी. संस्था कळवायच्या, मी त्या गावावर रंगीत ठिपका लावायचे. ज्या भागात ठिपका नाही तिकडे नवी मदत आधी पाठवायची, असं ठरलेलं. नदीपलीकडच्या काठावर एक सोडून चार ठिपके होते. आणि तरीही तिकडून येणारी माणसं पाण्याचे रिकामे कॅन घेऊन येत होती. म्हणून मी साहेबांना न विचारता निघाले होते.

"नकाशा?" तो म्हणाला. "ते रंगीत ठिपक्यांचं? आमच्या ऑफिसातही लावलाय. कांजिण्या झाल्यासारखा दिसतो."

"टँकरवाल्याला नकाशातलं काय कळणार?"

"इंजिनिअर आहे हो मी! पाण्याचा. टँकरवाला दर गुरुवारी आजारी पडतो, म्हणून मी चालवतो."

"आणि नेमका गुरुवारीच आजारी पडतो?"

"नेमका माझ्या सुट्टीच्याच दिवशी. काय करणार... नशीब!"

पलीकडे उतरले तेव्हा माझं हसू मावळलं. पहिल्या गावात दवाखान्याचा ठिपका होता. तिथे एक खोली होती, दारावर एका संस्थेची चकचकीत पाटी, दाराला कुलूप. आत खिडकीतून पाहिलं, तर शेळ्या बांधलेल्या. दुसऱ्या गावात शाळेचा ठिपका होता. शाळेला छप्परच नव्हतं. टँकरभोवती बायका जमल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू कसली गं? फोटोवाली की पाणीवाली?"

"नकाशावाली, आजी."

"ती आणि कुठली नवीन?" आजीने विचारलं. मग टँकरकडे बोट दाखवून म्हणाली, "हा येतो. बाकी कोणी येत नाही. गेल्या थंडीत माझी नात बाळंतपणाला अडली. हातगाडीवर घालून पुलापर्यंत नेली. पुलाच्या पुढे नाही गेली."

आजी रडली नाही. कॅन उचलून चालू लागली. मला मात्र बराच वेळ काही दिसेना. तो पाइप धरून उभा होता. तसाच माझ्या पुढ्यात आला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला — म्हणजे बाकीच्यांना माझे डोळे दिसू नयेत.

त्या पाठीच्या मी तिथेच प्रेमात पडले असणार. कळलं मात्र फार उशिरा.

त्यानंतरचे गुरुवार माझे त्याच टँकरमध्ये गेले. गावागावात उतरून मी विचारायचे, लिहून घ्यायचे. तो पाणी सोडायचा. परतताना नदीवरून गार वारा यायचा, दोघांच्या चपला चिखलाने भरलेल्या असायच्या आणि तो मला 'नकाशेबाई' म्हणायचा.

"नकाशेबाई, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही मला कुठल्या रंगात दाखवाल?"

"तुम्हाला? राखाडी. तुमच्या शर्टाचा मूळ रंग कुठला, ते तुमच्या आईलाही आठवणार नाही."

"आई नाही," तो सहज म्हणाला. मी ओशाळले. "अहो, तसं तोंड करू नका! ती असती तर हेच बोलली असती."

गिअर बदलताना त्याचा हात माझ्या गुडघ्याला लागला. "सॉरी," तो म्हणाला. पुढच्या वेळी लागला नाही... आणि मी चक्क वाट बघत होते!

मी आत्याकडे राहायचे. आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. आता ते काम ती घरी करायची.

"तुझ्या वडिलांचा फोन होता," तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. "म्हणत होते, पोरीला परत पाठव. आणि गुरुवारी केसांत एवढी धूळ कुठून येते?"

"कामाची धूळ आहे, आत्या."

"कामाच्या धुळीने कुणी गाणी गुणगुणत नाही."

एव्हाना सगळी गावं पाहून झाली होती. पलीकडच्या काठावर चार संस्थांचे ठिपके होते. त्यातले तीन धादांत खोटे. चौथा पाण्याचा, त्याच्या संस्थेचा. तेवढाच खरा, असं मी धरून चालले होते. पुढच्या आठवड्यात मोठे पाहुणे यायचे होते, पैसा आणि पथकं कुठे पाठवायची ते नकाशा बघून ठरवणारे. मी तीन ठिपके पुसले आणि साहेबांना दाखवलं.

साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. "एवढी मोठी रिकामी जागा?" त्यांनी चष्मा काढला. "पाहुणे विचारतील, वर्षभर काय केलंत?"

"त्यांनी तेच विचारायला हवं, साहेब."

"तू जरा... फिका रंग दे ना. काम नियोजित आहे, असं."

"शेळ्यांना कसलं नियोजन?"

"संस्था तुटून पडतील तुझ्यावर. मीही वाचवू शकणार नाही."

"नका वाचवू," मी म्हणाले.

संध्याकाळी तो ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तुमचा ठिपका तेवढा ठेवलाय. त्याने कप खाली ठेवला.

"तोही काढा."

"का? तुम्ही जाता की!"

"मी जातो. संस्था जात नाही. त्यांनी वर कळवलंय, पलीकडे आमचं काम चालू आहे म्हणून. आणि मला बजावलंय, पलीकडे पाऊल टाकायचं नाही, तिथे विमा लागू होत नाही. टँकर मी चोरून नेतो. ड्रायव्हर माझ्यासाठी आजारी पडतो."

"पण... ठिपका काढला तर ते विचारणार, टँकर कुणाचा? नोकरी जाईल."

"जाईल."

"मग राहू दे ना तो! थोडंफार पाणी पोचतंय, खोटं थोडंच आहे?"

"एका टँकरने एका गावाचीसुद्धा तहान भागत नाही, नकाशेबाई. तो ठिपका आहे तोवर दुसरं कोणी तिथे येणार नाही. मी गेल्यावर मला बरं वाटतं, एवढंच. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी तहानलेलं राहायचं?"

"मूर्खपणा करू नकोस!" मी ओरडले. टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

त्याच्या भुवया वर गेल्या. "काय म्हणालात?"

"...मूर्खपणा करू नका."

"नको, आधीचं बरं होतं." तो हळूच हसला. "पुन्हा म्हण ना."

मी उठले, ऑफिसात गेले आणि रडत रडत तो ठिपका पुसला.

सभेच्या दिवशी मोठा हॉल गच्च भरला होता. भिंतीवर नकाशा उमटला. अलीकडे रंगच रंग, आणि नदीच्या पलीकडे — कोरं. खुर्च्या करकरल्या. साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले.

"हे काय?" त्याच्या संस्थेचे संचालक उभे राहिले. सूट कडक, आवाज मऊ. "आमचा टँकर दर आठवड्याला पलीकडे जातो. नाक्यावर विचारा. या मुलीने आमचं काम पुसून टाकलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे उत्तर होतं. पण ते दिलं, तर त्याचा गळा सापडणार होता. म्हणू दे मला खोटारडी!

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली.

"तो टँकर मी नेतो," तो म्हणाला. तोच राखाडी शर्ट. "माझ्या सुट्टीच्या दिवशी. संचालकसाहेबांनी मला दोनदा लेखी ताकीद दिली आहे, पलीकडे जायचं नाही म्हणून. आता मात्र ते म्हणतायत, आम्हीच पाठवतो. तेव्हा एकदा ठरवू या. टँकर तुमचा असेल तर ताकीद मागे घ्या. ताकीद खरी असेल, तर ठिपका नाही. या बाईंनी बरोबर केलंय. पलीकडे कोणीच नाही."

संचालकांनी टाय सैल केला.

"आणि त्या काठावर चार लाख माणसं—" ते कसेबसे म्हणाले, "—नाही, हजार! चाळीस हजार माणसं आमच्या नोंदीत आहेत..."

"नोंदीत आहेत," मी म्हणाले. "त्यांचं पाणीही नोंदीतच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांमध्ये एक पिकल्या केसांच्या डॉक्टरबाई होत्या, फिरत्या दवाखान्याच्या प्रमुख. त्या उठून नकाशाजवळ गेल्या, कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. "इथे कोण येईल माझ्याबरोबर? दाई, नर्स मी आणेन. राहायचं तिथेच, निदान पावसाळा सरेपर्यंत. पाण्याचं बघणारा माणूस हवा."

"मी येतो," तो म्हणाला. "तशीही आता माझी सकाळ मोकळी आहे. दुपारही."

हॉलभर हसू पसरलं. मी हसू शकले नाही. पावसाळा सरेपर्यंत...

बाहेर पडताना साहेब माझ्याजवळ थांबले. "पुढच्या वेळी आधी सांगत जा."

"सांगितलं होतं, साहेब."

"हो." त्यांनी चष्मा पुसला. "सांगितलं होतंस."

पलीकडे राहायचं तर परवाना लागायचा. तो काढायला आम्ही सरकारी कचेरीत गेलो. मी का गेले, ते मला त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खिडकीमागे एक जाडजूड कारकून, वर घरघरणारा पंखा.

"घरी कोण?" कारकुनाने विचारलं.

"कोणी नाही. भाऊ आहे, पण लढाईत कुठे गेला ते ठाऊक नाही."

"मग काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला?"

दर प्रश्नाला उत्तर तयार असणारा माणूस खिडकीच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिला. त्याच्या मानेवरची धूळ मला दिसत होती. या माणसाला काही झालं, तर कळवायला जगात कोणी नसावं?

"मला कळवायचं," मी म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. "तुम्ही यांच्या कोण?"

"मी यांची..." मागची रांग पुढे वाकली. जाऊ दे, वाकू दे! "होणारी बायको."

"खरं का हो?" कारकुनाने त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता, सगळं हसू हरवलेल्या डोळ्यांनी. "मला... आत्ताच कळलं."

"बऱ्याच जणांना असंच कळतं," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

बाहेर उन्हात आलो. मी चपलेकडे बघत राहिले. "नको असेल तर आत जाऊन सांगून ये. अजून खिडकी उघडी आहे."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, सांगून ये."

"ऐकू आलं. पुन्हा पुन्हा ऐकायचंय, म्हणून विचारलं." त्याने माझा हात धरला, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. हात खरखरीत होता. "मी किती वेळा ठरवलं सांगायचं. मग वाटायचं, नोकरी नाही, घर नाही, कुठल्या तोंडाने..."

"याच तोंडाने. जरा धुऊन घेतलंस तर बरं."

"पलीकडे धोका आहे. तू वाट बघत बसशील—"

"बसणार नाही. गुरुवारी येईन. आता ते काम ऑफिसचं आहे, साहेबांनी कालच सही दिलीये. तिथे कोण आलं, कोण नाही, दर आठवड्याला स्वतः जाऊन बघायचं. आणि तू मला नको म्हणून दाखव!"

त्याने म्हटलं नाही. माझा हातही सोडला नाही. तसेच चालत आम्ही घरी आलो. आत्या दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाकडे.

"हा कोण?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. पण त्याने एक पाऊल पुढे टाकलं, वाकून नमस्कार केला, आणि या वेळी उत्तर त्याने दिलं.