कोरी पेटली

माझं नाक शहाणं, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. नाकामागच्या मावशीबद्दल मात्र कुणी तशी खात्री देत नसे. बत्तीस वर्षं मी बर्फातली मासळी हुंगून पास-नापास केली. मग नाकाच्या जागी पट्ट्या आल्या. बोटभर कागद, त्यावर कसलंसं रसायन. मासळीच्या तुकड्याबरोबर वाटीत झाकून ठेवायचा आणि दहा मिनिटांनी जांभळ्या दिव्याखाली धरायचा. माल ताजा, तर पट्टी काळीठिक्कर. नासला, की हिरवी पेटते. जितके दिवस शिळा, तितकी लख्ख. भिंतीवर तक्ता असतो. छटा जुळवायची आणि दिवस वाचायचे.

त्याआधी दरवेळी एक पट्टी रिकाम्या वाटीत ठेवतात. तिला आम्ही ‘कोरी’ म्हणतो. कोरी काळीच राहायला हवी. कोरी पेटली तर खोट मालात नाही, खोलीतच, तपासणी रद्द.

त्या सकाळी माल बालरुग्णालयाच्या स्वयंपाकघरासाठी निघाला होता. तीनशे पाकिटं. दाराशी लॉरी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान किटवतोय. मी तीन पाकिटं फोडली. बर्फानं वास पार मेलेला. पट्ट्या मात्र हिरव्यागार. तक्ता म्हणाला, सहा दिवस.

"कोरी बघा ना, मावशी," मागून साहेब म्हणाले.

कोरीही हिरवी होती.

"म्हणजे तपासणी रद्द. नियम तुमचाच. करा सही, लॉरी सोडा."

"रद्द म्हणजे पास नव्हे, साहेब. पुन्हा करते."

हात धुतले, वाट्या उकळल्या, पट्ट्यांचं नवं पाकीट फोडलं. साहेब तिथेच येरझाऱ्या घालत होते. अंगाला नेहमीपेक्षा दुप्पट अत्तर. माणूस तसा गरीब. फक्त गेल्या आठवड्यात ‘फार उकडतं हो’ म्हणत आपलं टेबल उचलून शीतगृहात नेलं, तेव्हा आम्ही तोंडाला पदर लावून हसलो होतो.

कोरी पुन्हा पेटली. आधीपेक्षा जास्त.

ती चिमट्यात धरून मी दिव्याखाली न्याहाळत होते. साहेब ड्रायव्हरवर ओरडायला पार पलीकडच्या खिडकीशी गेले. पट्टी मंदावली. साहेब परत आले. पट्टी उजळली.

थापा मारणं हा माझा जोडधंदा, त्यामुळे मी आधी स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. म्हटलं, "साहेब, जरा त्या कोपऱ्यात उभे राहता?"

ते गेले. पट्टी विझत आली.

"आता जरा इकडे या."

ते आले. मी पट्टी खाली ठेवली.

"साहेब, तुम्ही बाहेर व्हा. दार लावून घ्या."

"मावशी, नोकरी जाईल."

"जाऊ दे. बत्तीस वर्षं नाक खुपसलंय, आता ओढून घेईन. पण आजारी पोरांच्या ताटात हे पडणार नाही. बाहेर!"

साहेब बाहेर गेले. दार लागलं.

दहा मिनिटं. कोरी काळीठिक्कर. तिन्ही तुकड्यांच्या पट्ट्या हिरव्या.

मी ‘नापास’ असं एवढं मोठं लिहिलं की कागदावर सहीला जागा उरली नाही. मग सही समासात केली. खिडकीतून कागद ड्रायव्हरला दाखवला. त्यानं मला एक शिवी हासडली आणि रिकामी लॉरी नेली.

दार उघडलं. साहेब उंबऱ्याशीच उभे होते. आता हा माणूस फाडून खाणार, म्हणून मी कंबर कसली.

ते आत आले. बाही दुमडली. पाकिटातली नवी पट्टी काढून मनगटावर ठेवली आणि हात दिव्याखाली सरकवला.

खोली हिरवी झाली.

"किती दाखवते?" त्यांनी विचारलं.

गप्पांत मी वाट्टेल ते सांगेन. तक्ता वाचताना कधी खोटं बोलले नाही. छटा जुळवली.

"अकरा."

साहेबांनी बोटांवर मागे मोजलं.

"रविवार," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

बाही खाली केली, बटण लावलं. दारापर्यंत जाऊन वळले.

"घरी अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, मावशी. तुम्हीही सांगू नका."