आई यायच्या आत

“मोठीआई, आई यायच्या आत सगळे उचल हं! एकसुद्धा राहता कामा नये. आणि फेकू नकोस… माझे आहेत ते!”

वॉर्डच्या खिडकीतून सकाळचा उजेड आत आला की थोरलीच्या कानात ते शब्द पुन्हा उमटत, आणि एखादं व्रत पाळावं तशा निष्ठेने ती ओल्या फडक्याने उशीवरचे, चादरीवरचे, त्या कोवळ्या मानेला चिकटलेले केस अलगद टिपून घेई, स्वतः शिवलेल्या निळ्या बटव्यात ठेवी, आणि मनातल्या मनात देवाला म्हणे, एवढेच ने रे बाबा… बाकी काही नेऊ नकोस!

पोरगी तिच्या धाकट्या जावेची. नऊ वर्षांची. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून घरात सगळे तिला टिटवीच म्हणत. रक्ताचा कर्करोग म्हणजे काय, हे तिने डॉक्टरांनाच उलटसुलट प्रश्न विचारून समजून घेतलं होतं. सुई टोचून घेतानासुद्धा ती सिस्टरांना कोडी घालायची. पण औषधं सुरू झाल्यावर एके दिवशी आईने वेणी घालायला कंगवा फिरवला, आणि मूठभर केस कंगव्याबरोबर हातात आले… तेव्हा आईने जो हंबरडा फोडला, त्याने अख्खा वॉर्ड गोळा झाला! केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मुठीत येणं वेगळं. त्या दिवशी टिटवी एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी बोलली ती एवढंच, “आई घाबरते गं, मोठीआई. तिला नको दिसायला. आणि आपलं ठरलंय हेही तिला सांगायचं नाही. गळ्याची शपथ घे.”

थोरलीने गळ्याला हात लावला होता.

धाकटीला घरी तान्हं बाळ, म्हणून रात्र थोरलीची आणि दिवस धाकटीचा, अशी वाटणी झाली होती. रुग्णाजवळ एकच माणूस, त्याचा एकच पास. तो रोज सकाळी या हातातून त्या हातात जायचा. आधी पास देताघेता दोघी जावा एकमेकींच्या पाठीवर हात ठेवत… मग धाकटीच्या नजरेत काहीतरी शिरलं. आपण आलो की या दोघींचं बोलणं का थांबतं? भर उकाड्यात पोरीच्या डोक्यावर टोपी कशाला? टोपीला हात लावला की लेक ‘राहू दे, मोठीआई काढेल’ का म्हणते? आणि ही बाई पिशवी छातीशी एवढी का कवटाळते?… ती काही विचारायची नाही, पण न विचारलेला प्रत्येक प्रश्न थोरलीला ऐकू यायचा. थोरलीने ठेवलेलं दूध धाकटी हुंगून पाहायची, उशी उलटीपालटी करायची, आणि समोरच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, “मोठीआई म्हणे! आई एकच असते, सिस्टर. बाकीच्या आपल्या हौशी.”

थोरलीची कूस देवाने रितीच ठेवली होती. घाव नेमका वर्मी बसायचा. पण ती हसून म्हणायची, “दूध गरम आहे, बाई. निवू दे जरा.”

आणि मग तो दिवस उगवला! टिटवीला पाठीच्या मणक्यात द्यायच्या सुईसाठी आत नेलं होतं. धाकटी नवऱ्याला घेऊन नेहमीपेक्षा लवकर आली. पास काढायला थोरलीने घाईने पिशवीत हात घातला, आणि बटवा निसटून फरशीवर पडला… दोरी सैल होती. मऊ, काळे केस धाकटीच्या पायाशी पसरले.

“हे काय?” धाकटीचा आवाज फाटला. “माझ्या लेकीचे केस? तुमच्या पिशवीत?”

“अगं, ऐक…”

“काय ऐकू? कचऱ्यात टाकायचे सोडून बटव्यात भरून कुणाकडे नेता, ताई? काय करता त्यांचं? तरीच म्हटलं, एवढी औषधं ओततोय तरी पोरीच्या अंगाला का लागत नाहीत!… तुम्हाला नाही, म्हणून मलाही राहू द्यायचं नाही का?”

दीर खाली मान घालून उभा होता. ज्याला शाळेत असल्यापासून जेवू घातलं, त्याने एकदा वर पाहिलं, आणि त्या पाहण्यातही शंका होती!

एक वाक्य… फक्त एक वाक्य थोरलीच्या जिभेवर आलं होतं. ते बोललं असतं तर ती सुटली असती. पण मग टिटवीने काय केलं असतं? आईपासून लपवायला जगात तिच्याकडे एकच जागा होती; तीही फितूर झाली असती. थोरलीने पास धाकटीच्या हातावर ठेवला.

“टोपी धुतलेलीच घाल हो तिला,” एवढंच बोलून ती निघाली. बटवा तिथेच राहिला.

घरी ती शिलाई मशीनपाशी बसली, पण सुईत दोरा काही जाईना. नवऱ्याने पाणी आणून दिलं, घसा खाकरला, आणि दाराकडे पाहत म्हणाला, “धाकट्याचा फोन आला होता. ते म्हणतात त्यात… म्हणजे तू तसलं काही… नाही ना?”

“तुम्हीसुद्धा?” ती म्हणाली. तो ओशाळून दुसऱ्या खोलीत गेला. संशय पाण्यासारखा असतो, बारीकशा फटीतूनही घरभर होतो… ती डोळे मिटून देवाला एवढंच विचारत राहिली, उद्या सकाळी कोण उचलेल रे?

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली, आणि दारात धाकटी उभी. विस्कटलेली, डोळे सुजलेले, मुठीत निळा बटवा.

“ताई…” तिने उंबरा ओलांडला नाही. “मी तिला सांगितलं, मोठीआईला ताप आलाय, ताप असलेल्याला आत सोडत नाहीत. गप्प पडून राहिली. सकाळी मी पाणी आणायला गेले. परत आले तर… पलंगावर गुडघे टेकून उशीवरचे केस वेचत होती, ताई! मुठीत मावेनात म्हणून गाऊनमध्ये कोंबत होती. सलाईनची नळी ताणली जाऊन त्यात रक्त चढलेलं, तिकडे लक्षच नाही. आणि पुटपुटत होती, ‘आई यायच्या आत… आई यायच्या आत…’”

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“मी दाराआड उभी राहिले. आत जायचा धीर होईना. सिस्टरांना खुणेने आत पाठवलं… माझ्या रडण्याची एवढी धास्ती घेतली होय हो पोरीने? आणि तुम्ही! तुम्ही बोलला का नाहीत? मी तुमच्या तोंडावर काय काय फेकलं…”

“शपथ होती गं.”

“मारा मला, ताई! दोन थोबाडीत द्या!”

“वेडी का काय!” थोरलीने तिला ओढून छातीशी धरलं. “मार खायची तरी ताकद राहिलीय का तुझ्या अंगात? कालपासून वेणीसुद्धा घातली नाहीस, अवतार बघ.” आणि दोघी जावा रडता रडता हसल्या, हसता हसता पुन्हा रडल्या…

थोड्या वेळाने धाकटीने पदराने तोंड पुसलं. “तिला बोलली नाहीये मी काही. मला कळलंय, हे तिला कळायला नको. तिला वाटू दे, ‘मी आईला सांभाळलं.’”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. टिटवीने समुद्र आटवला म्हणतात, तो असाच कुठेतरी आटत असेल!

“आता तिचे बाबा आहेत तिच्यापाशी, सिस्टरांनी तेवढ्यापुरतं बिनपासाचं बसू दिलंय,” धाकटी पुढे म्हणाली. “बाळाला घेऊन मी इथेच थांबते. उद्या सकाळी मुद्दाम उशिरा येईन. दारातून मोठ्याने खोकेन.” तिने पास पुढे केला, आणि त्यावर बटवा ठेवला. “दोरी नीट बांधलीय, ताई. एकही सांडला नाही.”

थोरलीने तोंडावर पाणी मारलं. स्वच्छ फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं, धुतलेली टोपी ठेवली, बटवा सगळ्यात खाली. तिने चपला पायात सरकवल्या, तेव्हा धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती, जणू तिने काही पाहिलंच नव्हतं. दार हलकेच ओढून घेऊन थोरली जिना उतरू लागली.