इंदूचा उखाणा

जयवंतीताईंचा सगळा संसार दोन पिशव्यांत मावायचा. एकीत टेपरेकॉर्डर, दुसरीत स्लाइडचा प्रोजेक्टर. ब्याऐंशी साली देवासच्या मोहल्ल्यांत पडदा बांधून त्या जळालेल्या सुनांच्या गोष्टी दाखवत. चित्रांना आवाज असे जोडत, की लोक म्हणत, "भिया, या बाईचं मशीन मुर्द्यांना बोलतं करतं."

चुलतबहीण सुभद्राच्या केळवणाला त्या आल्या, त्या उखाणे टेप करायला. निदान सांगितलं तरी तसंच. मनातून त्यांना नवरामुलगा न्याहाळायचा होता.

यशवंतराव कारखान्यात फोरमन, बिजवर. पहिली बायको इंदू वर्षापूर्वी स्टोव्हच्या भडक्यात गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणी केलं? तिने नुसती मान फिरवली. नवऱ्याचं नाव ती कधीच घ्यायची नाही. हळदीकुंकवातही उखाणा अर्धा टाकून पळायची. ती फिरवलेली मान जयवंतीताईंच्या डोक्यातून जात नव्हती. पण नुसत्या संशयावर ठरलेलं लग्न कोण मोडणार?

जेवणं झाली. सुभद्राने माइकपाशी लाजत उखाणा घेतला. टाळ्या पडल्या.

"ऐकवा की, ताई!" यशवंतराव हसून म्हणाले.

ताईंनी टेप मागे नेली, बटण दाबलं. खरखर... मग एक घोगरा, धाप लागलेला आवाज.

"डॉक्टरांनी नाव विचारलं, ओठ ठेवले बंद... यशवंतरावांचं नाव घेते, पदराला रॉकेलचा गंध..."

आवाज इंदूचाच होता, यशवंतरावांबरोबर आलेल्या त्यांच्या शेजारणींनी लगेच ओळखला. ताईंनी घाईघाईने टेप बंद केली. इंदूचा आवाज त्यांनी कधी टेप केलाच नव्हता.

"हिचीच करामत आहे ही!" यशवंतराव किंचाळले.

सुभद्राचे वडील, तात्यासाहेब, पुतणीवर धावून आले. "जयवंती, लाज नाही वाटत? अपनी ही बहन का घर उजाड़ने चली?"

"काका, शपथ घेते... मी काही केलं नाही."

पण आवाजांचे खेळ करणाऱ्या बाईवर विश्वास ठेवतो कोण?

सुभद्रा उभी राहिली. अंगावर सासरकडून आलेली कोरी साडी होती. तिने पदर नाकाशी नेला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच यशवंतराव दाराकडे सरकू लागले. तात्यासाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी दाराला कडी घातली.

"ताई..." सुभद्रा कुजबुजली, "या साडीची घडी तर मी आत्ताच मोडली ना गं?"

पदराच्या टोकावरून फरशीवर थेंब गळत होते.