बोटं गरम

दार ओढून घ्या रे. आणि मोनाली, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मध्ये नको. ही ऐकीव गोष्ट नाही. नीता सिस्टर माझ्याबरोबर सहा वर्षं कामाला होती, पनवेलला, हायवेजवळच्या हाडांच्या दवाखान्यात. चौदा खाटा, एक डॉक्टर, आणि प्लास्टर बांधायला मी, तुमचा कमलाकरकाका. माझी एक सवय होती. प्लास्टर ओलं असतानाच त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं पेशंटचं नाव आणि तारीख लिहायची, म्हणजे कधी काढायचं याचा घोळ नको.

साल त्र्याण्णव. तेरा नोव्हेंबर, शनिवार, लक्ष्मीपूजन. संध्याकाळी ड्यूटीवर येताना नीतानं एस.टी. स्टँडजवळच्या मेडिकलमधून प्लास्टरच्या पट्ट्यांचा डबा आणला. मीच सांगितला होता. वर घरच्या चार करंज्या माझ्या हातावर ठेवल्या. "काका, आज वेळेत घरी जा हं, काकू पूजेला खोळंबल्या असतील."

मी निघणार, तेवढ्यात पोलिसांनी हितेशला आणून टाकलं. उरणचा कोळ्याचा पोर, वीस वर्षांचा. कळंबोलीत कसल्याशा बाचाबाचीवरून तिघांनी त्याला डांबरावर आडवा पाडला होता. दोघांनी धरला, तिसऱ्यानं लोखंडी पहार घेतली आणि नडगीवर घातली. एकदा नाही, हाड वाजायचं थांबेपर्यंत. कातडी फाटली नव्हती, पण आत सगळा चुरा. डॉक्टरांनी हाड ओढून बसवलं, मी मांडीपासून खाली प्लास्टर चढवलं, बोटं तेवढी उघडी ठेवली, वर हितेशचं नाव आणि तारीख लिहिली.

"दर तासाला बोटं बघ," डॉक्टर नीताला म्हणाले. "आतून सूज आली की प्लास्टर आवळतं. बोटं थंड पडली, निळी झाली, तर विचारत बसू नको, कापून टाक." ते पुण्याला गेले, मी घरी आलो. प्लास्टर कापायची कात्री कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. ही माझी चूक. ऐकून ठेवा.

नऊच्या सुमाराला पोराची आई आली. सोनाबाई. नीतानं तिला लगेच ओळखलं.

आठ महिन्यांपूर्वी, शिमग्यात, याच बाईनं नवऱ्याला आणलं होतं. काशिराम. भांडणात कोणीतरी त्याच्या पायावर वल्हं मारलं होतं. प्लास्टर मीच बांधलं, तारीख घातली. रात्रभर तो ओरडत होता, "बाय, पाय फुटतोय गो माजा!" नीतानं त्याला दारू न उतरलेला माणूस समजून इंजेक्शन दिलं. "हाड मोडलंय, दुखणारच," म्हणाली. सकाळी बोटं काळी पडली होती. गुडघ्यावरून पाय कापला, तरी विष अंगात भिनलंच. पाचव्या दिवशी काशिराम गेला.

आता त्याचाच पोर, त्याच खाटेवर. रात्री दहाला नीतानं रजिस्टर उघडलं आणि अकरापासून सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या नोंदी एका बैठकीत भरून टाकल्या. 'बोटं गरम, हालचाल आहे.' आठ वेळा. आळस नव्हता तो, पोरांनो. त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायची तिची छाती नव्हती.

साडेअकराला सोनाबाई दारात आली. "बाय, पोराची बोटं थंड परलीत. चल गो."

"हाड मोडलंय मावशी. दुखणारच." नीतानं मान वर केली नाही.

सोनाबाई वळली. "तवा पन असंच बोललेलीस," म्हणाली, आणि गेली.

बाहेर फटाके थांबले. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नीताला डुलकी लागली होती.

पॅसेजमध्ये आवाज झाला. धप्.

मग काही नाही...

धप्.

कोणीतरी एका पायावर येत होतं. नीतानं बॅटरी उचलली. पॅसेज रिकामा.

धप्. खोलीत.

तेवढ्यात तिच्या डाव्या नडगीला काहीतरी आवळलं. ओलं. गार. तिनं खाली बघितलं, काही नव्हतं... आणि आवळतच होतं. पायाची बोटं पांढरी पडली. मग निळी. पुढच्या क्षणी ती खुर्चीवरून फरशीवर आपटली. ओठ फाटला. पाय धरून कोणीतरी तिला फरफटत नेत होतं. दारावर डोकं आदळलं. खाटेच्या लोखंडावर बरगडी. ती नखांनी फरशी ओरबाडत होती...

हितेशच्या खाटेपाशी सगळं थांबलं.

पोरानं चादर तोंडात कोंबली होती. डोळे पांढरे. सोनाबाई त्याची बोटं दोन्ही हातांनी चोळत होती. नीतानं हात लावला.

बर्फ.

"कात्री..." ती पुटपुटली. "किल्ली नाही..."

मनगट पिरगळलं गेलं. लंगडत, ओढली जात, ती प्लास्टरच्या खोलीत. कपाटाची काच समोर. "नको... नको..." तिचा हात कोपरापर्यंत काचेतून आत घातला गेला. रक्ताची चिळकांडी उडाली. बोटांना कात्री लागली.

मग तिनं कापलं. आपल्याच रक्तानं कात्री निसटत होती, तरी कापलं. गुडघ्यापाशी हातातलं बळ संपलं. कात्री पडली.

आणि प्लास्टर पुढं आपोआप चिरत गेलं... मांडीपर्यंत. कोणीतरी दोन्ही कडा धरून ते उलगडलं. आतला कापूससुद्धा फाडला.

सोनाबाई बघत होती. ती घाबरली नाही. हळूच म्हणाली, "आता जावा तुमी."

...

हितेशचा पाय वाचला. पहाटे डॉक्टर आले, सूज मोकळी करायला आणखी चिरा द्याव्या लागल्या, पण वाचला. पुढं तो होडीवर जायचा. नीताच्या हाताला एकोणीस टाके पडले. त्यानंतर तिनं कधी एक नोंदसुद्धा आधी भरली नाही, आणि बोटं बघायला तास होऊ दिला नाही.

मी सातला पोचलो. तिनं हे सगळं मला सांगितलं आणि मी मनात म्हटलं, डोक्याला मार लागलाय बिचारीच्या. फरशीवर प्लास्टरचे दोन तुकडे पडले होते. फेकायला म्हणून उचलले. अजून ओले होते, मी आदल्या संध्याकाळी बांधलेलं प्लास्टर ते. काशिरामचं तर मार्चमध्येच कापलेल्या पायाबरोबर जाळलं होतं, माझ्यासमोर.

तुकडा उलटा केला. जांभळी पेन्सिल. अक्षर माझं.

'काशिराम. ९ मार्च.'