मूळ पान शेळगावचं

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी लासुर्ण्याला जाऊन आसावरीला विचारावं. ती पाणी देईल, चहा देईल आणि एक शब्द सांगणार नाही. म्हणून मला सांगावं लागतंय.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती.

मागच्या मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे पावणेतीन. त्या वेळेला इंदापूर तालुक्यात भुतंसुद्धा सावली बघून आडवी होतात, असा माझा समज होता.

तो चुकीचा निघाला.

आसावरी माझी भाची. शेतकीची पदवी घेतलेली. लासुर्ण्यात तिची रोपवाटिका आहे. त्या मे महिन्यात शेडनेटखाली पेरूची बावीस हजार कलमं उभी होती. कलमाचं एक वाईट असतं. ते वाट बघत नाही. पावसाळ्यात जमिनीत गेलं नाही, तर पिशवीतच मुळं गोल गोल फिरत राहतात आणि स्वतःलाच आवळतात. असं कलम कुणाला देऊ नये. जुलैअखेरपर्यंत माल गेला तर गेला. नाहीतर सगळं सरपण, आणि रोपवाटिकेला कुलूप.

आणि आसावरीचा फोन वाजत नव्हता.

वेबसाइट होती. बारामतीच्या विराज नावाच्या तज्ज्ञानं केलेली. भिगवण रस्त्याला त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस. भिंतीवर सात प्रमाणपत्रं, त्यातली चार एकाच दिवशी मिळालेली. कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, "मॅडम, ऑर्गॅनिक आहे, वेळ लागतो." जाहिरातीचे पैसे न भरता साइट गुगलवर वर येते, त्याला हे लोक ऑर्गॅनिक म्हणतात. शेणखताबद्दल आपणही हेच म्हणतो. पण शेणखताचा गुण येतो.

आसावरीनं गुगलवर पेरूची कलमं शोधून बघितली. तिची रोपवाटिका पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. नवव्यावरही नाही.

सगळ्यात वर होती... मोहनराव नर्सरी, शेळगाव.

मोहनराव वारले त्याला तीन वर्षं झाली होती.

आता थोडं समजावून सांगतो. भेळेच्या दुकानावर पाटी असते ना, 'आमची कोठेही शाखा नाही', तशी एक न दिसणारी ओळ वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या पोटात असते. तिला कॅनॉनिकल म्हणतात. ती गुगलला सांगते की या मजकुराचं मूळ पान अमुक जागी आहे, बाकीच्या नकला. नीट केलेल्या साइटवर प्रत्येक पान स्वतःकडंच बोट दाखवतं.

आसावरीच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पानांचं बोट शेळगावकडं होतं.

म्हणजे आपल्याच दारावर आपणच पाटी लावायची, की इथं नक्कल मिळते, असली माल शेजारच्या गावात. गुगल बिचारं यंत्र. वाचता येतं तेवढं वाचतं. त्यानं गिऱ्हाईक शेळगावला पाठवलं. तिथं एका मेलेल्या माणसाचा बंद फोन.

आसावरीनं विराजला फोन लावला. मी शेजारी आमरसाची वाटी घेऊन बसलो होतो.

"मॅडम, मोहनरावांची साइट मीच केली होती. तुमच्यासाठी तीच बेस घेतली."

"म्हणजे कॉपी केली."

"बेस घेतली, मॅडम."

"आणि ही ओळ?"

"ती राहिली असेल. एवढं खोलात कुणी बघत नाही."

लग्नपत्रिका छापणारा असंच करतो. जुनी पत्रिका घेतो आणि नावं बदलतो. पण तो निदान नवरा तरी बदलतो.

आसावरीनं त्याच दिवशी बसून एक्केचाळीस ओळी स्वतः दुरुस्त केल्या. शेवटचं पान झालं. सगळं जतन केलं.

घड्याळात पावणेतीन झाले होते.

शेडनेटमधल्या फवाऱ्यांचा सूं सूं आवाज चालू होता. तो... थांबला.

जांभळीवरचे बुलबुल थांबले. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि त्या शांततेत एकच आवाज आला.

कागदाचं पान उलटल्याचा...

लॅपटॉपमधून.

लॅपटॉपला कागद नसतो, हे मला कळतं. वयानं कानाला काही झालेलं नाही. आसावरीनंही माझ्याकडं बघितलं.

तिनं पान उघडून बघितलं. ओळ परत होती तशी. शेळगाव.

तिनं परत दुरुस्त केलं. बुधवारी पावणेतीनला परत तेच. गुरुवारी पासवर्ड बदलला. तरी तेच. साइटवर कोण कधी काय बदलतो याची नोंद होत असते. वेळ नोंदलेली होती, दुपारी दोन पंचेचाळीस.

बदल करणाऱ्याच्या नावाची जागा... कोरी.

विराज म्हणाला, "कॅशे असेल."

कॅशे म्हणजे जुनी साठवण. ज्यांनी उभ्या जन्मात देव मानला नाही असे हे लोक कॅशे मानतात. काही कळेनासं झालं की तिचं नाव घेतात आणि मोकळे होतात. भगताला निदान लिंबू तरी आणावं लागतं.

शुक्रवारी आम्ही शेळगावला गेलो.

मोहनरावांच्या नर्सरीचं जाळं फाटून लोंबत होतं. खाली नुसत्या काळ्या पिशव्या. त्यांच्या पत्नी सिंधुबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. आसावरीनं वेबसाइटचं सांगितलं.

"त्यातलं मला काय कळत न्हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "मालक गेलं, फोन कपाटात ठिवला. आता कुणी येत न्हाय हितं."

"मोहनराव दुपारी काय करायचे?" मी सहज विचारलं. का विचारलं, अजून मला माहीत नाही.

"झोपायचं न्हाईत कधी. लोकं घोरायची, हे लिवत बसायचं. पावणेतीनला वही घ्यायचं, चार वाजता ठिवायचं. म्या म्हणायचे, कुणासाठी एवढं? तर म्हणायचं, माझ्या हातून मेली तेवढी कलमं, तेवढी आनि कुणाच्या हातून मरू नयेत."

"वही आहे अजून?"

"हाय की. त्यो बारामतीचा प्वार्‍या फोटू काढून गेला हुता तिचं. मालक लय खूश. म्हणायचं, आता माझं लिवणं जगात जाणार."

त्यांनी वही आणली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. आसावरीनं पहिलं पान वाचलं. मग दुसरं.

तिचा चेहरा उतरला.

"मामा... हे माझ्या साइटवर आहे."

"काय आहे?"

"सगळं. खड्डा किती, पाणी कधी, मूळ कसं ओळखायचं. मला वाटलं विराजनं कुणाकडून तरी लिहून घेतलं. खाली माझं नाव आहे, मामा. शब्दाला शब्द."

एक्केचाळीस पानं. वहीतही एक्केचाळीस.

म्हणजे ती ओळ चुकलेली नव्हतीच. त्या सबंध वेबसाइटवर खरं बोलणारी तेवढी एकच ओळ होती. विराजनं बाकी सगळं बदललं आणि नेमकं खरं तेवढं पुसायला विसरला.

तिथून तसेच बारामतीला जाऊन आम्ही त्याच्या काचेच्या दारात उभे राहिलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, कंटेंट तो कंटेंट. आणि तक्रार कोण करणार? मालकच नाहीत."

"करतायत," आसावरी म्हणाली.

"कोण?"

"रोज पावणेतीनला."

तो हसला. मग त्यानं आम्हाला दरमहा देखभालीची एक योजना समजावून सांगितली. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज बघितले, पण प्रमाणपत्रासकट फारसे नाहीत.

आसावरीनं दुसऱ्या दिवशी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पानं पुसली. कोरी साइट, दाराशी पावसाळा आणि आत बावीस हजार कलमं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? चार शब्द इकडचे तिकडं कर."

"मग मी आणि विराज वेगळे कशात?"

ती स्वतः लिहायला बसली. तिच्या हातून कुठली कलमं मेली, का मेली, चुनखडीच्या रानात पानं पिवळी पडली तेव्हा तिनं काय केलं. अकरा दिवसांत एकोणीस पानं झाली. एका पानावर मोहनरावांचं नाव आणि त्यांच्या साइटचा पत्ता दिला. प्रत्येक पानात मूळ म्हणून तिचं स्वतःचं पान घातलं.

पावणेतीनला आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो.

फवारे थांबले नाहीत. बुलबुल ओरडत राहिले.

ओळ जागेवर राहिली.

जूनच्या शेवटी फोन सुरू झाले. आधी निमगावचा, मग थेट करमाळ्याचा. जुलै संपता संपता शेडनेटमध्ये हजारभर कलमं उरली, तीही आधीच कुणाकुणाला बोलून ठेवलेली. रोपवाटिका वाचली. विराजनं तिच्या साइटचा चढता आलेख स्वतःचं यश म्हणून आपल्या साइटवर लावला. ते अपेक्षितच होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

ऑगस्टमध्ये सिंधुबाईंचा शेजाऱ्याच्या फोनवरून फोन आला. वही बघून जा म्हणाल्या. आवाज बरा नव्हता.

आम्ही गेलो. वही त्यांनी हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि लांब जाऊन बसल्या.

"एक्केचाळिसाव्या पानाम्होरं कोरी हुती. म्या सोता बघितली हुती."

आसावरीनं उलटलं.

बेचाळिसाव्या पानावर मोहनरावांचं अक्षर. तेच, उजवीकडं झुकलेलं. मजकूर मात्र आसावरीचा. चुनखडीच्या रानाचा, जसाच्या तसा. आणि खाली, एक ओळ सोडून, लिहिलं होतं...

'मूळ लेखन : आसावरी, लासुर्णे.'

मी उभ्या आयुष्यात जिवंत माणसाला असं करताना बघितलेलं नाही.

एकोणीस पानं होती. प्रत्येकाखाली तिचं नाव. मला खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. बरंच वाटलं.

मग आसावरीनं त्यापुढचं, तिच्या नावाचं विसावं पान उलटलं. शाई ओली होती. तिचं बोट निळं झालं.

ती उभ्या उभ्या वाचत राहिली. छाटणीनंतर बुरशी कशी येते, त्यावर काय करायचं. खाली तिचंच नाव.

"हे कधी लिहिलंस?" मी विचारलं.

तिनं वही मिटली.

"मी एकोणीसच लिहिलीत, मामा."

आता छाटणी जवळ आलीय. शेतकरी रोज फोन करून बुरशीचं विचारतात आणि तिला उत्तर माहीत आहे, पण ते त्या वहीतलं. लिहिलं तर मूळ म्हणून नाव कुणाचं घालायचं, तेवढं माहीत नाही. तिच्या साइटवर विसावं पान अजून कोरं आहे. रोज दुपारी ती ते उघडते, बोटं कीबोर्डवर ठेवते... आणि पावणेतीनच्या आत बंद करते.