मापाला उभी राहिलेली बाई

शिडाच्या त्या बोटीवर झोपायच्या फळ्या मोजक्याच होत्या. त्यातली एक आत्याने नवरीच्या पोशाखासाठी अडवली आणि स्वतः सामानाच्या पेटाऱ्यावर चादर टाकून आडवी झाली. "पोशाखाला बोट लागली तर सांगा हो, लिंबू देते," विहीणबाई म्हणाल्या. आत्या हसली नाही. चार महिने खपून शिवलेला, साईच्या रंगाचा तो पायघोळ पोशाख होता, आणि उभ्या आयुष्यात तिने इतकं अवघड काम अंगावर घेतलं नव्हतं.

सुट्टीत शिडाच्या बोटीने बेटं हिंडायची आणि त्यातल्याच एका बेटावर लग्न उरकायचं, ही कल्पना नवरीची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. भाऊ आणि वहिनी एकाच वर्षात गेले तेव्हा भिंगरी चार वर्षांची होती. तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवलं, शिवणयंत्राच्या आवाजात झोपवलं. त्या गडबडीत आत्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं आणि त्याची खंत करायलाही तिला सवड झाली नाही. आता मात्र पोर हातची जाणार म्हणून जिवाला घोर लागला होता. तसं ती कुणाला बोलली नाही. नवरदेव चांगला होता, खोट काढायला जागा नव्हती, आणि याचाही तिला थोडा रागच होता.

सातव्या वर्षी भिंगरी कठड्यावरून पडली होती आणि गळ्याजवळचं डावं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं. तिथे बोराएवढा उंचवटा राहिला आणि डावा खांदा अर्ध्या इंचाने खाली आला. त्यानंतर आत्याने शिवलेल्या प्रत्येक कपड्यात डाव्या खांद्याच्या आत कापसाची पातळ गादी असे. ती इतकी बेमालूम असे की दोघींखेरीज कुणाला तिचा पत्ता नव्हता. नवरदेवाला होता की नाही, हे आत्याने विचारलं नाही.

तिचा एक नियम होता. शेवटचे पक्के टाके टेबलावर घालायचे नाहीत. कपडा अंगावर चढवून, माणूस समोर उभं करून घालायचे. "शेवटच्या टाक्याला कपडा आपलं माणूस ओळखतो," असं ज्यांच्याकडे ती शिकली त्या बाई म्हणत. आत्याचा असल्या बोलण्यावर विश्वास नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की असं केलं की कपडा बसतो.

बेटावर ते दुपारी पोचले. लाकडी धक्का, वाळू, माडांची रांग, पाच-सात घरं आणि एक पाहुणघर. लग्न परवा सकाळी दहाला. लग्न लावणारे गृहस्थ शेजारच्या बेटावरून नोंदवही घेऊन येणार होते. भिंगरीला बोट अशी लागली होती की जमिनीवर उतरूनही तिला खोली हलताना दिसत होती. ती डोक्यावर ओला रुमाल ठेवून पडली होती.

"अर्धा तास उभी राहा, एवढंच," आत्या म्हणाली.

"आत्या, मी आत्ता उभी राहिले तर तुझ्या पोशाखावर ओकेन."

आत्या पोशाख आणि टाचण्यांचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथे उजेड चांगला होता. हातातलं काम अर्धवट ठेवून स्वस्थ बसणं हे तिच्या रक्तात नव्हतं. ती कच्चे टाके तपासत बसली असताना एक बाई पाण्याची घागर घेऊन आत आली, घागर कोपऱ्यात ठेवली आणि तिथेच थांबली.

आत्याने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांनी सवयीने माप घेतलं. उंची तीच. कंबर तीच. मानेची लांबीही तीच. फक्त खांदे अगदी सरळ.

"मी उभी राहू का?" बाईने विचारलं.

नको म्हणायचं कारण आत्याला सुचलं नाही. खांद्याचं मी मनाने धरून घेईन, बाकी सगळं होऊन जाईल, असा तिने हिशेब केला. तीस वर्षांच्या अनुभवाचा गर्व, दुसरं काय. एखाद्या नवशिक्या मुलीने असं केलं असतं तर तिने तिचे कान उपटले असते.

बाई उभी राहिली ती तासभर हलली नाही. मापाला उभी राहणारी माणसं पाय बदलतात, नाक खाजवतात, किती वेळ म्हणून विचारतात. ही नुसती खिडकीबाहेर बोटीकडे पाहत होती. एकदा आत्याच्या हातून टाचणी कमरेत टोचली. बाईने अंग चोरलं नाही.

"कुणाचं लग्न?" तिने मधेच विचारलं.

"माझ्या भाचीचं."

"मग ती तुमच्याबरोबर परत जाणार."

"जाणारच की," आत्या दोरा दातांनी तोडत म्हणाली. तोच शेवटचा टाका होता.

पोशाख उतरवून बाई घागर न घेताच गेली. आत्याने तो घडी घालायला हातात घेतला. तासभर अंगावर असलेल्या कपड्यात ऊब असते. आयुष्यभर तिच्या हातांना ती ऊब माहीत होती. या कपड्यात ती नव्हती. आतलं अस्तर रात्रभर बाहेर वाळत राहिल्यासारखं गार होतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला जरा बरं वाटलं. तिने पोशाख घातला तर डाव्या खांद्यावर कापड लोंबत होतं. आत्याने आत हात घातला. गादी तिथे नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे शिवण सपाट होती, आणि त्या शिवणीचे टाके बारीक, एकसारखे, आत्याच्या टाक्यांहून दुप्पट दाट होते.

"तूच काढली असशील. काल किती दमली होतीस," भिंगरी म्हणाली.

"मी दमले म्हणून माझा टाका बदलत नाही."

पण भांडणार कुणाशी? आत्याने शिवण उसवली, नवी गादी घातली, भिंगरीला समोर उभी करून पक्की केली. खांदा बसला. पोशाख हँगरला लावून तिने खोलीला कडी घातली आणि जेवायला गेली. दुपारी परत येऊन पाहिलं तर खांदा पुन्हा सपाट होता. उसवून काढलेल्या कापसाचा पुंजका खिडकीत व्यवस्थित ठेवलेला होता.

पाहुणघराच्या मालकाला तिने त्या पाणी आणणाऱ्या बाईबद्दल विचारलं. तो भिंतीवर खिळा ठोकत होता. "असेल कोणीतरी," तो म्हणाला. "इथे बायका येऊन राहतात. बोट आली की एखादी जाते." त्याने हातोडी खाली ठेवली नाही.

संध्याकाळी तिने तिसऱ्यांदा गादी शिवली. पोशाख उशाशी घेऊन झोपली.

लग्नाच्या सकाळी भिंगरी उजाडता उजाडता समुद्रात डुंबायला गेली. तिचा निळा, विटका सुती झगा आत्याने खिडकीतून वाळूवरून लांब जाताना पाहिला. परत आली ती साडेआठला, आणि चेहऱ्यावर आजारपणाचा मागमूस नव्हता.

"दे, घालते," ती म्हणाली.

पोशाख बसला. चार महिन्यांत एकदाही बसला नव्हता इतका तो बसला. आत्याने टाचणी शोधायचं निमित्त करून डाव्या खांद्याच्या आत बोटं सरकवली. गादी नव्हती. मग गळ्याजवळच्या हाडावरून अंगठा फिरवला. हाड मानेपासून खांद्यापर्यंत सरळ गेलं होतं. पाण्यातून आलेल्या अंगासारखं ते गार होतं.

"काय शोधतेस?" भिंगरीच्या आवाजात भिंगरीने विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. ती पलंगावर बसली.

माडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. वारा मंद होता, समुद्र चकाकत होता, सगळं कसं चित्रात काढल्यासारखं. सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने विहीणबाईंच्या कानाशी लागून हळूच म्हटलं, "तिचा डावा खांदा पाहिलात?"

"अहो, लग्नाच्या दिवशी सगळ्याच मुली ताठ उभ्या राहतात," विहीणबाई म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

कुणाला सांगणार आणि काय सांगणार? नवरी बिघडली म्हणून कुणी तक्रार करतं, ही सुधारली होती. पुरावा म्हणजे आत्याची बोटं. लोक म्हणाले असते, पोर परकी झाली म्हणून म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि तसं असतं तर किती बरं झालं असतं. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला, रिकामा केला आणि वर न पाहता परत दिला.

दुपारी तीनला निघायचं होतं. भरतीचं पाणी उतरलं की धक्क्यापाशी बोट तळाला टेकली असती, मग निघता आलं नसतं. एकेक जण फळीवरून बोटीवर चढला. आत्या शेवटची. वर जाऊन ती कठड्याशी उभी राहिली आणि धक्क्याकडे पाहू लागली.

धक्क्याच्या टोकाला एक मुलगी उभी होती. निळा, विटका सुती झगा. हातात घागर. डावा खांदा अर्धा इंच खाली.

ती ओरडत नव्हती. हात हलवत नव्हती. सकाळपासून शंभरदा हाक मारून पाहिलेलं माणूस जसं उभं राहतं, तशी उभी होती.

आत्याने मागे वळून पाहिलं. नवरी नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली होती आणि आत्याकडेच पाहत होती. ती हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. हवं ते मिळालेल्या माणसाचं ते हसणं होतं.

"दोर सोडतो हं," कप्तान म्हणाला.

ती फळीवरून खाली उतरली. वयाच्या मानाने बऱ्याच वेगाने उतरली. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिने त्या मुलीच्या गळ्याजवळच्या हाडावर अंगठा ठेवला.

उंचवटा जागेवर होता. कातडी उन्हाने तापली होती.

"आत्या," भिंगरी म्हणाली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी पोहून आले तर कुणी माझ्याकडे बघेचना. ज्याच्याशी लग्न व्हायचं, तोच समोरून आला आणि म्हणाला, बाई, जरा वाट देता का. मी तुला पाणी दिलं. तू ग्लास घेतलास."

"चुकले ग माझ्या बाळा," आत्या म्हणाली. "चुकले." तिने पोरीला उराशी धरलं आणि ती चार वर्षांची असताना थोपटायची तशी थोपटू लागली. बोटीवरचे आता आपल्याला शोधतील, हाका मारतील, मग सगळं सांगू, पटो न पटो. इथून दोघींनीच जायचं किंवा दोघींनीच राहायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

मागे कप्तानाचा आवाज आला. दोर सोडण्याआधी तो माणसं मोजत होता, बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, सावकाश, मोठ्याने.

"...नऊ, दहा, अकरा. आणि आत्याबाई, तुम्ही बारा. झाले सगळे."

दोर पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

आत्या वळली. बोट धक्क्यापासून हातभर सुटली होती. कठड्याशी, नवरीच्या शेजारी, आत्याच्याच वयाची, आत्याच्याच बांध्याची एक बाई उभी होती. नवरीने तिच्या खांद्यावर शाल घातली. ती बाई धक्क्याकडे पाहत होती, पण या दोघींकडे नाही. रिकाम्या जागेकडे पाहावं तशी.