तुकोजीचं बटण

मस्करी केल्याशिवाय पुष्करला चहा गोड लागायचा नाही. विजय नगरच्या ऑफिसात त्याने बॉसच्या माउसमधली गोळी काढून लिमलेटची गोळी भरली होती. वर्षभर तोच किस्सा सांगून लोकांकडून पोहे-जलेबी उकळली.

बंद मिलच्या कामगारांच्या लिस्टचा प्रोग्राम लिहायचं काम आलं तेव्हाही हात शिवशिवलेच. देवासच्या नव्या फॅक्टरीत ज्यांना जायचंय त्यांनी मिलच्या गेटवर यायचं, क्लर्क वासुदेवजींनी त्यांच्या नावाचं बटण दाबायचं, एवढंच काम. पुष्करने स्क्रीनवर एक बटण बनवलं आणि कॉपी-पेस्ट करत सुटला. वर लिहिलेलं नाव ज्याचं त्याचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी सगळी बटणं एकच, फक्त नंबर वेगळा. तुकोजीचा नंबर धरून त्याने थोड्या ओळी जास्तीच्या टाकल्या, की माउस जवळ आला की बटणाने पळायचं. तुकोजी मिलमधला जॉबर, मागांवरचा मुकादम, पुष्करच्याच गल्लीतला, लहानपणी त्याचे कान पिळायचा. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. त्या ओळी काढायच्या राहून गेल्या.

मग वासुदेवजींचा फोन आला, "अरे, एक बटण हाताला लागत नाही यार." पुष्कर हसत हसतच पोचला.

मिलच्या गेटवरच्या केबिनमध्ये तुकोजीची मुलगी अंबिका बसली होती.

"बाबा परवा येऊन गेले," ती म्हणाली. "बटण दबेचना. मशीन नाही म्हणतंय, असं घरी येऊन सांगितलं. काल सकाळी उठलेच नाहीत."

"नाव लागलं तर त्यांच्या जागी हिला घेतील," वासुदेवजी म्हणाले. "लिस्ट चारला बंद होते. तुझ्याकडून तर काही गडबड नाही ना, बेटा?"

"विंडोजचा लोचा आहे," पुष्कर म्हणाला. मान वर केली नाही.

त्याने गुपचूप त्या ओळी खोडल्या. माउस नेला.

बटण सरकलं.

सगळा कोड चाळला. हलण्याबद्दल एक शब्द उरला नव्हता. बटणच उडवलं, शेजारचं कॉपी केलं, तुकोजीचा नंबर दिला. तेही सरकलं. केबिनमध्ये ओल्या सुताचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. कापड विणायचे साचे तर कधीच भंगारात गेले होते.

"काका," पुष्कर स्क्रीनकडे बघत पुटपुटला, "मस्करी केली होती मी."

अंबिकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

बटण थांबलं. पुष्करने दाबलं. आत गेलं.

बटण दाबून सोडलं की मग नाव लागतं. त्याने बोट उचललं.

बटण आतच राहिलं.

त्याने माउसची वायर उपटली. तरी आतच.

बाहेर देवासच्या गाडीने हॉर्न दिला.

"लागलं का, पुष्करभिया?" अंबिकाने विचारलं.

बटणावर तेलकट अंगठ्याचा ठसा होता. पुष्करने रुमालाने पुसला, मग नखाने खरवडला.

ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता.